चौदाशेवर थांबलेली सुई: डीपवॉटर होरायझनचं प्रकरण, फाउंड्रीतल्या माणसाच्या नजरेतनं

मी शिरोली एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं इन्स्पेक्शन बघतो, वीस वर्षं होत आली. दरवर्षी डिप्लोमाची पोरं ट्रेनिंगला येतात, त्यांना हायड्रो टेस्ट शिकवायची वेळ आली की पहिल्या दिवशी मी कुणाला पंपाला हात लावू देत नाही, आधी डीपवॉटर होरायझनची, म्हणजे २०१० ला स्फोट होऊन बुडालेल्या तेलविहीर खोदणाऱ्या रिगची सगळी हकीकत सांगतो. पोरं म्हणतात सर ते अमेरिकेतलं, समुद्रातलं, तेलाचं, आपला काय संबंध, आपल्याला तर समुद्र बघायचा म्हटलं तरी आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायला लागते. संबंध आहे. एवढं मोठं प्रकरण पण ते शेवटी एका प्रेशर टेस्टवर, एका गेजच्या सुईवर येऊन थांबतं, आणि ती सुई बघणारी माणसं कुणाची होती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारं सरकारी खातं कशावर जगत होतं ह्यावर. दरवर्षी तोंडी सांगतो ते एकदा सविस्तर लिहून काढतोय.

आधी आपली टेस्ट, म्हणजे पुढचं कळेल. व्हॉल्व्हची बॉडी मशिनिंग होऊन आली की दोन्ही तोंडांना ब्लाइंड फ्लँज, म्हणजे भोक नसलेली झाकणं, लावून बोल्ट आवळायचे, आत पाणी भरायचं, वरच्या व्हेंटमधनं हवा जाऊ द्यायची, फसफस थांबून पाण्याची सलग धार आली की व्हेंट बंद करायचा आणि पंपानं प्रेशर चढवायचं, व्हॉल्व्ह ज्या प्रेशरला चालणार त्याच्या दीडपट. मग पंप बंद. आता फक्त घड्याळ आणि गेज. ठरलेला वेळ सुई जाग्यावर राहिली पाहिजे, उतरली तर पाणी कुठनं तरी चाललंय. सोपी टेस्ट आहे, दहावी नापास माणूसही करतो. अवघड असतं ते सुई उतरल्यावर आपण काय बोलतो ते.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट, कंपनी दुसरी होती, नाव घेत नाही. रात्रीचे साडेआठ, गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर दोनदा आत येऊन विचारून गेलेला. बारापैकी अकरा बॉड्या पास, बारावीची सुई ३२ किलोवरनं (म्हणजे चौरस सेंटीमीटरला ३२ किलो दाब) सावकाश ३० वर आली. सुपरवायझर म्हणाले, "एअर अडकलीया रे, दुसरं काय न्हाई, कर सही आणि सोड गाडी." आता हे नीट समजून घ्या, ते खोटं बोलत नव्हते, हवा अडकली की सुई खरंच अशी उतरते, त्यांनी पन्नास वेळा बघितलं असणार, त्यांचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास होता. माझाही बसला होता, मी पेन काढलं होतं. तिथं गिऱ्हाइकानं पाठवलेले थर्ड पार्टी इन्स्पेक्टर खुर्चीवर बसले होते, ते आवाज न चढवता म्हणाले, "हवा असेल तर काढा की, आणि परत लावा. मी थांबतो." परत भरली, परत चढवली, परत उतरली. मग बॅटरी मारून बघितलं तर बॉडीच्या गळ्यापाशी, जिथं जाडी बदलते तिथं, घामासारखे बारीक मणी फुटत होते, पुसले की दोन मिनिटांनी परत. आत श्रिंकेज, म्हणजे धातू गार होताना आकसून पडलेली पोकळी. ट्रक अकरा बॉड्या घेऊन गेला. ते साहेब आमच्यापेक्षा फार हुशार होते असं नाही, त्यांना आमच्या ट्रकची घाई नव्हती आणि त्यांचा पगार आमच्या डिस्पॅचवर चालत नव्हता, फरक एवढाच होता.

आता प्रकरण.

२० एप्रिल २०१०. मेक्सिकोचं आखात, लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून साधारण ६६ किलोमीटर आत. विहिरीचं नाव मकोंडो. तिथं पाणीच दीड किलोमीटर खोल आणि त्याच्या तळाखाली आणखी चार किलोमीटर भोक पाडलेलं. विहीर बीपी ह्या ब्रिटिश तेल कंपनीची, म्हणजे ६५ टक्के त्यांची आणि बाकी दोन भागीदारांची, सगळे निर्णय बीपीचे. रिग, म्हणजे विहीर खोदणारा तरंगता प्लॅटफॉर्म, तोच डीपवॉटर होरायझन, ट्रान्सओशन कंपनीचा, भाड्यानं घेतलेला, नुसतं भाडं दिवसाला ५ लाख डॉलरच्या घरात. सिमेंटचं काम हॅलिबर्टनकडं. काम ठरल्यापेक्षा जवळजवळ सहा आठवडे मागं पडलेलं आणि खर्च बजेटच्या ५ कोटी ८० लाख डॉलर वर गेलेला. त्या दिवशी करायचं काय होतं तर विहिरीत तेल लागलंय हे कळलेलं होतं, आता ती सिमेंटनं तात्पुरती बुजवून, रिग सोडवून पुढच्या कामाला पाठवायचा, तेल काढायला नंतर दुसरी यंत्रणा येणार. म्हणजे शेवटचा दिवस, आवराआवर. आपल्याकडं मार्चएंडला शेवटची गाडी भरताना जे वातावरण असतं तेच, फक्त पाच लाख डॉलर रोजचं. आणखी एक, त्याच दिवशी बीपी आणि ट्रान्सओशनचे मोठे साहेब हेलिकॉप्टरनं रिगवर आलेले होते, त्या रिगवर सात वर्षं कुणालाही कामाचा दिवस बुडेल अशी दुखापत झाली नव्हती त्याचं कौतुक करायला.

विहिरीत पाइप सोडला की पाइप आणि भोकाच्या मधल्या जागेत सिमेंट भरायचं असतं. पाइप मधोमध राहावा म्हणून त्याला सेंट्रलायझर लावतात, पाइप एका बाजूला टेकला तर त्या बाजूला सिमेंट नीट जात नाही. हॅलिबर्टनच्या हिशोबानं २१ पाहिजे होते, लावले ६. सिमेंट धरलंय का हे बघायची वेगळी टेस्ट असते, ती करणारी तिसऱ्याच कंपनीची टीम रिगवर येऊन थांबलेली होती, २० तारखेला सकाळी तिला परत पाठवलं कारण सिमेंट सोडताना जेवढा ड्रिलिंगचा चिखल (खालचा दाब धरून ठेवायला विहिरीत भरलेला जड द्रव) परत यायला पाहिजे तेवढा आला होता, त्यावरनं काम बरोबर झालं असं धरलं. त्या टेस्टचा खर्च होता सव्वा लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे रिगच्या सहा तासांचं भाडं. सेंट्रलायझर कमी होते म्हणूनच सिमेंट गेलं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, तपासात त्यावर मतभेद होते. पण प्रत्येक फाट्यावर जी वाट वेळ वाचवणारी तीच धरली गेली, हे सगळ्या चौकश्यांतनं दिसतं.

मग राहिली एकच टेस्ट. तिला निगेटिव्ह प्रेशर टेस्ट म्हणतात, आपल्या हायड्रोच्या उलटी. आपण आतनं दाब देतो आणि बाहेर येतंय का बघतो, तिथं विहिरीतला जड चिखल थोडा काढून त्या जागी समुद्राचं हलकं पाणी भरायचं, वरनं दाब सोडून शून्यावर आणायचं, बंद करायचं आणि बघत बसायचं. खालचं सिमेंट घट्ट असेल तर शून्याला शून्यच राहणार. सिमेंट गळत असेल तर खालचा गॅस आणि तेल आत घुसणार आणि सुई आपोआप वर चढणार.

सुई चढली. दाब सोडला, शून्य झाला, बंद केलं, परत चढला. परत सोडला, परत चढला. शेवटी ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआयला जाऊन थांबला, आपल्या भाषेत जवळजवळ ९८ किलो. शून्य पाहिजे तिथं ९८ किलो! मग त्यांनी त्याच विहिरीला जोडलेल्या दुसऱ्या एका बारक्या लाइनवर, जिला किल लाइन म्हणतात, तिथं बघितलं, ती अर्धा तास उघडी ठेवली तर तिथं शून्य, काहीच येत नव्हतं. एकाच भांड्याला दोन गेज, एक ९८ सांगतंय, एक शून्य. फाउंड्रीतला हेल्परसुद्धा म्हणेल की दोघांतलं एक खोटं आहे किंवा मधली लाइन कुठंतरी चोंदलीय, आधी ते शोधा. तिथं काय झालं तर रिगवरच्या अनुभवी माणसांनी सांगितलं की वरचा जड चिखल रबरी सीलवर दाबतोय त्यामुळं हा खोटा दाब दिसतोय, याला ब्लॅडर इफेक्ट म्हणतात, आम्ही आधी बघितलाय. रात्री आठच्या सुमारास टेस्ट पास झाली असं ठरलं. नंतरच्या राष्ट्रीय चौकशीत ज्या तज्ज्ञांना विचारलं त्यातल्या कुणालाही हा खुलासा पटला नाही.

मला इथं कायम आमच्या सुपरवायझरांचं वाक्य आठवतं. एअर अडकलीया रे.

पुढची गोष्ट मी पोरांना फळ्यावर वेळ लिहून सांगतो. ८ वाजून ५२ मिनिटं. ह्यूस्टनच्या ऑफिसातल्या बीपीच्या एका इंजिनिअरचं रिगवरच्या बीपीच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं, टेस्टचा विषय निघाला, आणि तो म्हणाला की टेस्ट बरोबर जोडली असेल तर एका लाइनवर दाब आणि दुसरीवर शून्य असं होऊ शकत नाही. रिगवरनं उत्तर गेलं की आमचं समाधान झालंय. तिथं विषय संपला. स्फोट झाला ९ वाजून ४९ मिनिटांनी. म्हणजे हातात जवळजवळ एक तास होता आणि शंका बरोबर माणसाला बरोबर जागी आलेली होती, पण ती आल्यावर थांबायलाच पाहिजे असं कुणावर बंधन नव्हतं.

आणि हेच मला ह्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वाटतं. त्या टेस्टबद्दल अमेरिकन सरकारचा नियमच नव्हता. ती करायलाच पाहिजे असं नाही, कशी करायची ते नाही, निकाल कसा वाचायचा ते नाही, फेल झाली तर कुणाला कळवायचं ते नाही. दीड किलोमीटर पाण्याखाली जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपन्या भोकं पाडत होत्या आणि शेवटचं कुलूप लागलंय का हे बघायची पद्धत प्रत्येक रिग आपापली ठरवत होता. साधा पाण्याचा व्हॉल्व्ह पाठवताना आपण कुठल्या स्टँडर्डनं टेस्ट केली, किती प्रेशर, किती मिनिटं हे सर्टिफिकेटवर लिहून देतो हो!

मग विहिरीतला उरलेला जड चिखल काढून पाणी भरायचं काम चालू झालं, म्हणजे खालच्या गॅसवर जे वजन होतं तेच काढून घेतलं. नऊनंतर दाब उतरायच्या ऐवजी चढायला लागला, तो वेळेत कुणाच्या ध्यानात आला नाही. साडेनऊ उलटल्यावर चिखल रिगवर उसळला, पाठोपाठ गॅस, इंजिनांनी तो ओढला आणि स्फोट. १२६ माणसं होती, ११ गेली. त्यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. रिग दोन दिवस जळून २२ तारखेला बुडाला.

समुद्राच्या तळाशी विहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे विहीर उसळली तर तोंड बंद करणारं यंत्र, बसवलेला होता, पाच मजली बिल्डिंगएवढा व्हॉल्व्हचा ढीग म्हणा, त्यात एक शेवटचा उपाय म्हणून दोन पाती असतात जी पाइप कापून विहीर बंद करतात. आतल्या दाबानं पाइप वाकून बाजूला सरकलेला होता, पात्यांना तो पूर्ण कापता आला नाही, तोंड उघडं राहिलं. शिवाय त्याच्या कंट्रोलमध्ये एका बाजूची बॅटरी उतरलेली आणि एका सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाची, वायरिंग चुकीची निघाली. ही पाती सगळ्या परिस्थितीत पाइप कापतीलच असं नाही हे सरकारी खात्यानं स्वतः करवून घेतलेल्या अभ्यासांत काही वर्षं आधी आलेलं होतं. कागद खात्याच्या कपाटात होता.

आता त्या खात्याबद्दल. मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस, एमएमएस. १९८२ साली स्थापन झालेलं. ह्याची कामं दोन, समुद्रातले ब्लॉक कंपन्यांना भाड्यानं देऊन त्यांच्याकडनं रॉयल्टी वसूल करायची, आणि त्याच कंपन्या सुरक्षित काम करतायत का बघायचं. वसुली वर्षाला अब्जावधी डॉलर, कर सोडले तर सरकारच्या मोठ्यातल्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक. एकाच छताखाली एक टेबल म्हणतंय आणखी विहिरी, आणखी तेल, आणि शेजारचं टेबल म्हणणार थांबा, परत टेस्ट करा. कुठल्या टेबलाचं ऐकलं जाणार हे सांगायला नको. आखातात तीन हजारांच्या आसपास प्लॅटफॉर्म आणि त्यांच्यासाठी साठच्या आत इन्स्पेक्टर. ते हेलिकॉप्टरनं जायचे, हातात यादी, यादीतल्या गोष्टींवर टिकमार्क. ह्याच डीपवॉटर होरायझनवर १ एप्रिलला इन्स्पेक्शन झालेलं होतं आणि त्यात एकही त्रुटी लिहिलेली नव्हती. आणि मला वाटतं त्या इन्स्पेक्टरनं यादी प्रामाणिकपणेच भरली असणार, विचार करायला लावणारं ते हेच आहे. यादीत जे नाही ते तो कुठनं बघणार.

एमएमएसवर सरकारच्याच दक्षता विभागाचे रिपोर्ट आहेत, २००८ चा आणि मे २०१० चा. कंपन्यांकडनं फुटबॉल मॅचची तिकिटं, शिकारीच्या आणि मासेमारीच्या ट्रिपा घेतल्याची प्रकरणं त्यात आहेत. एक इन्स्पेक्टर तर एका कंपनीत नोकरीची बोलणी करत असतानाच त्याच कंपनीच्या प्लॅटफॉर्मची चार इन्स्पेक्शनं करून आला आणि चारही वेळा काही सापडलं नाही. लोक हे वाचतात आणि म्हणतात बघा, शेवटी लाचखोरी, आपल्यासारखंच. मी म्हणतो तिकिटं घेणाऱ्यांना हाकला जरूर, पण सगळे हाकलून देव माणसं बसवली तरी २० एप्रिलची टेस्ट पासच झाली असती, कारण त्या टेस्टकडं बघणं हे कुणाच्याही कामात नव्हतं.

कागद किती वरवरचे होते त्याचा एक नमुना सांगतो. तेल सांडलं तर काय करणार याचा बीपीचा आखातासाठीचा प्लॅन खात्यानं मंजूर केलेला होता. त्यात धोका होऊ शकणाऱ्या प्राण्यांत वॉलरस होता. वॉलरस आर्क्टिकच्या बर्फात राहतो, मेक्सिकोच्या आखातात तो कधी दिसत नाही. अडचणीत फोन करायच्या तज्ज्ञांत एक शास्त्रज्ञ होते जे २००५ मध्येच वारले होते आणि प्लॅन होता २००९ चा. बाकी मोठ्या तेल कंपन्यांचे प्लॅनही जवळजवळ शब्दाला शब्द तसेच निघाले, त्यातल्या तिघांचे तर वॉलरससकट. ह्या विहिरीला पर्यावरणाच्या सविस्तर अभ्यासातनं २००९ मध्ये सूट मिळालेली होती. आणि विहीर कशी बुजवणार याच्यात शेवटच्या आठवड्यात जे बदल बीपीनं मागितले ते त्याच दिवशी मंजूर होऊन आले. एवढ्या वेळात कुणी ते नुसतं वाचलं तरी असेल का, मला शंका आहे.

तेल ८७ दिवस वाहिलं. सुरुवातीला आकडा सांगितला दिवसाला १,००० बॅरल, मग ५,०००, आणि खरा निघाला ५०-६० हजार. वर घुमट ठेवून बघितला, त्यात गॅसचं बर्फासारखं साचून तो निकामी झाला. वरनं चिखल दाबून बघितला, जमलं नाही. शेवटी १५ जुलैला नवीन टोपण बसलं. सरकारी अंदाज ४९ लाख बॅरल, पुढं कोर्टानं ३१.९ लाख धरले. ४९ लाख म्हणजे आपल्या पुणे-बंगळूर हायवेला दिसतो तो २० हजार लिटरचा टँकर धरला तर ३९ हजार टँकर. दोन हजार किलोमीटरहून जास्त किनारपट्टी खराब झाली, आखातातल्या अमेरिकेच्या हद्दीतल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त समुद्रात मासेमारी बंद करायला लागली. कोळंबीवर जगणारी घरं बंदराला होड्या बांधून बसली, त्यांच्यातले कितीतरी मग त्याच होड्या घेऊन बीपीच्या पगारावर तेल गोळा करायला गेले.

कायद्यात नुकसानभरपाईची मर्यादा होती साडेसात कोटी डॉलर. १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं त्यानंतर १९९० ला जो कायदा केला त्यातली ही मर्यादा. म्हणजे साफसफाईचा खर्च सोडला तर बाकी नुकसानीला कंपनीची जबाबदारी तेवढीच, मोठी हयगय किंवा सुरक्षेच्या नियमांचा भंग सिद्ध झाला तरच ती उठते. रिगच्या पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम. बीपीनं दबावाखाली ती मर्यादा सोडून दिली, २० अब्ज डॉलरचा फंड ठेवला, ११ जणांच्या मृत्यूबद्दल फौजदारी गुन्हे कबूल केले, २०१४ ला कोर्टानं हयगय गंभीर होती म्हणून निकाल दिला आणि दोष वाटला, बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३०, हॅलिबर्टन ३. २०१६ ला २०.८ अब्ज डॉलरची तडजोड मंजूर झाली. सगळं मिळून बीपीला ६५ अब्ज डॉलरच्या वर खर्च आला. रिगवरच्या बीपीच्या दोन माणसांवर मनुष्यवधाचे आरोप ठेवले होते ते सरकारनंच मागं घेतले, एक जण पुढं निर्दोष सुटला, दुसऱ्यानं छोटा गुन्हा कबूल केला. तुरुंगात कुणी गेलं नाही.

दंड एवढा मोठा मग पुढच्यांना धाक बसला असेल असं वाटतं. मला फार पटत नाही. दंड नेहमी सुईनंतर येतो, आणि रात्री आठ वाजता गेजसमोर उभ्या असलेल्या माणसाला दहा वर्षांनंतरचा दंड दिसत नाही, गेटवरचा ट्रक दिसतो.

हे आधीच कळायला पाहिजे होतं, कारण दुसऱ्या देशानं मोठी किंमत मोजून ते शिकलेलं होतं. ६ जुलै १९८८, ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्मला आग लागून १६७ माणसं मेली. त्यावर लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल १९९० ला आला, १०६ शिफारशी, आणि त्यातली मला महत्त्वाची वाटते ती ही की समुद्रातली सुरक्षा ऊर्जा खात्याकडनं काढून घ्या, ज्याला तेल वाढवायचंय त्याच्याकडं ती नको. ती काढून कामगार सुरक्षेच्या स्वतंत्र यंत्रणेकडं दिली. शिवाय नियम असा फिरवला की इन्स्पेक्टर यादी घेऊन येणार नाही, कंपनीनं स्वतः लिहून द्यायचं की आमच्या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकतं आणि ते आम्ही कसं अडवणार, ते पटलं तरच काम सुरू. नॉर्वेनंही २००४ मध्ये सुरक्षेचं खातं वेगळं केलं. अमेरिकेनं हे सगळं वीस वर्षं बघितलं आणि त्यांच्या कंपन्या म्हणत राहिल्या की आमची आम्ही काळजी घेतो.

आपल्या देशातलं पण सांगायला पाहिजे. २६ जुलै २००५ मुंबई बुडाली हे सगळ्यांना आठवतं, आपल्याकडं पण त्या पावसात पंचगंगेला महापूर होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ ला, बॉम्बे हायला एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवायला जहाज जवळ आणलं, ते लाटांनी प्लॅटफॉर्मवर आदळलं, गॅसचा उभा पाइप फुटला आणि तासा-दोन तासांत बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ माणसं गेली, साडेतीनशेच्या वर वाचवली. त्यानंतर २००८ ला समुद्रातल्या कामाच्या सुरक्षेचे नियम आले आणि त्यांची अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडं दिली. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखाली. बॉम्बे हाय चालवणारी ओएनजीसीही त्याच मंत्रालयाच्या हाताखाली. तिथली माणसं चांगलं काम करत असतील, माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही, टेबलांच्या मांडणीबद्दल आहे. जे खातं उत्पादन का घटलं म्हणून विचारणार त्याच्याच घरात काम थांबवायचा अधिकार ठेवायचा नसतो, हे पायपर अल्फानंतर १९९० लाच छापून आलंय.

आमच्या एमआयडीसीत असं बोललं की लगेच कारखानदार म्हणतात म्हणजे परत इन्स्पेक्टर राज का. त्यांचा त्रास मला माहीत आहे, मी स्वतः ती रजिस्टरं भरतो, इतकी खाती, इतके फॉर्म, आणि भट्टीपाशी येऊन धूर बघणारा वर्षात एखादाच. पण हा नियम जास्त आहेत याचा त्रास नाही, कागद बघितला जातो आणि गेज बघितलं जात नाही याचा आहे. पंचगंगेचंच बघा. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की बंधाऱ्याखाली फेस, मेलेल्या माशांचा खच, मग पेपरात फोटो, पंचनामा, सॅम्पल, नोटीस. सॅम्पल मासे मेल्यावर घेतलं जातं. त्या दिवशी सकाळी पाणी कसं होतं हे बघायला कुणी नसतं, आणि ज्यांच्या नळीतनं ते आलं त्यांची रजिस्टरं पूर्ण असतात.

अमेरिकेत प्रकरणानंतर काय झालं तर जून २०१० ला एमएमएसचं नाव बदललं आणि ऑक्टोबर २०११ पर्यंत त्याचे तीन तुकडे झाले, रॉयल्टी वसुली वेगळी, ब्लॉक भाड्यानं देणं वेगळं, सुरक्षा वेगळी. खोल समुद्रातल्या ड्रिलिंगवर काही महिने बंदी होती, ती ऑक्टोबर २०१० मध्ये उठवली, आणि त्याच सुमाराला निगेटिव्ह प्रेशर टेस्ट सक्तीची झाली. २०१६ ला आणखी कडक नियम आले, २०१९ ला त्यातले काही सरकार बदलल्यावर सैल केले. पण एक कलम आहे ते मी पोरांना दोनदा वाचून दाखवतो. निगेटिव्ह टेस्ट फेल होण्याची कुठलीही खूण दिसली तर तिथल्या तिथं कारण शोधायचं, दुरुस्त करायचं, सुरक्षा खात्याच्या जिल्हा अधिकाऱ्याला लगेच कळवायचं, आणि मग टेस्ट परत घ्यायची. म्हणजे आता त्या १,४०० च्या सुईसमोर उभा असलेला माणूस नुसतं आमचं समाधान झालंय म्हणून मोकळा होऊ शकत नाही, त्याला रिगच्या बाहेर फोन लावावाच लागतो, आणि फोन उचलणाऱ्याला रिगचं भाडं भरायचं नसतं.

आमच्या आताच्या कंपनीत मी मालकांकडं एकच गोष्ट मागून घेतली होती, क्यूसी, म्हणजे माल तपासणारा विभाग, प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली नको, थेट तुमच्याकडं ठेवा. त्यांनी थोडे दिवस घेतले पण केलं. आता टेस्ट बेंचवर दोन गेज असतात, दोन्हींना कॅलिब्रेशनचा स्टिकर, आणि दोन्हींत फरक आला की बॉडी लाल मार्कर मारून बाजूला जाते, का आला हे सापडेपर्यंत. गेल्या आठवड्यात अशीच एक गेली, ट्रेनी पोरगं माझ्याकडं धावत आलं, सर एका गेजवर उतरतंय, दुसऱ्यावर नाही, वरचे म्हणतायत गेज बिघडलंय. मी म्हटलं बिघडलं असेल, बदल आणि परत लाव, मी येतोय.